मंडईचा व्हिडिओ

साकोलीला मी ठाणेदार असतानाची ती चोरी आठवली, की आजही एकटाच हसत बसतो.

सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात कोशाच्या रेशमी कापडाचे एक वयस्क व्यापारी ठाण्यात आले. मुलाने घरातले सगळे व्हिडिओ एका संगणकात भरून दिले होते. टीव्हीवर हवा तो लावायचा. त्यातला एक गायब होता.

"साहेब, बायको गेली माही. तिचा आवाज त्या एकाच व्हिडिओत हाये. तोच चोरला जी कोनी तरी!"

"घरात विचारलं का?"

"कसा विचारू? घरी कोनी नसलं का मी चोरून पाहो." त्यांचे डोळे भरून आले. मी अर्ज घेतला आणि प्राथमिक चौकशी सुरू केली.

दुपारी पानठेल्यावरून खबर आली, की शेजारी त्या संगणकावरून पेन ड्राइव्ह भरून नेतो. दोघांत कुंपणाचं भांडण होतंच. शेजाऱ्याला बोलावलं. माझा अनुभव असा, की ठाण्यात सराईत चोर निवांत बसतो आणि घाम निर्दोष माणसाला फुटतो. याचा तर शर्ट भिजला होता.

"सिनेमे नेले साहेब, कबूल! पन वहिनीचा व्हिडिओ कायले नेऊ? माह्या सोताच्या लग्नाचा लावला तरी मी उठून जातो!"

त्याला घेऊनच मी व्यापाऱ्यांच्या घरी गेलो. पुण्याची सून दिवाळीसाठी आली होती. संगणकाला शेवटचा हात तिचाच.

"मी सगळं नीट लावलं, सर. प्रत्येक फाइलला टॅग दिला. लग्न, बारसं, सहल. नको ते लपवून टाकलं."

"तुमच्या फाइलचं नाव काय होतं?" मी सासऱ्यांना विचारलं.

"मंडई."

सून चपापली. "ती? मला वाटलं, बाबा भाजी आणायला गेलेत. उघडलीसुद्धा नाही. 'बाजारहाट' टॅग दिला आणि लपवली."

मी इकडच्याच नाकाडोंगरीचा, मला हसू आवरेना. पुण्याच्या मंडईत भाजी मिळते. आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की गावोगावी मंडईची जत्रा भरते. दंडारीचे नाच, नाटक आणि घरभर पाहुणे.

सुनेने फाइल लावली. पंगत बसलेली, आणि वाढणाऱ्या बाईंचा खणखणीत आवाज: "खा ना जी, लाजून काय राहिले? आन् तुमी काहून बसले? पाहुन्यायले पानी कोन देईन?"

आमचे फिर्यादी ताडकन उठले, आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. पहिला पेला त्यांनी शेजाऱ्याला दिला.

वस्तू कुठे गेली, हे तपासात सगळेच विचारतात. ठेवणाऱ्याने तिला काय समजून ठेवलं, हे त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो. आता निवृत्त झालो, तरी दर मंडईला त्या घरचं आवतन येतं. पंगतीत तो व्हिडिओ लागतो, वहिनी रागावतात, आणि म्हातारा अजूनही तांब्या आणायला उठतो.