काटेवाला आणि शेवेची पुडी

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. दहा किलो उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं, आणि ऑपरेशनाशिवाय देवासची टेकडी चढून देवीपाशी जाणं होणार नव्हतं. सहा किलो झरझर उतरले. मग महिनाभर काटा हललाच नाही.

माझा संशय काटेवाल्यावर. टेकडीच्या पायथ्याशी तो वजनाचं मशीन घेऊन बसे. किडकिडीत माणूस. दर गिऱ्हाइकाआधी मशीन फडक्यानं पुसायचा. पुसता पुसता काहीतरी फिरवतो, असं मला वाटे. चार बुकं शिकलो नसलो तरी मी फसणारा नव्हे. एके दिवशी वाण्याचं दहा किलोचं लोखंडी माप पिशवीतून नेलं आणि मशीनवर ठेवलं. बरोबर दहा!

"हो गई जाँच, बाबूजी?" तो हसलासुद्धा नाही.

"मग माझाच काटा का हलत नाही? पोळी सोडली, भात सोडला, गोड सोडलं!"

त्यानं मशीनशेजारी बोट दाखवलं. काट्यावर चढण्याआधी मी काठी, चपला आणि खिशातली शेवेची पुडी तिथं काढून ठेवत असे.

"तोलते टाइम इसे अलग रखते हो. खाते टाइम भी रख दो."

"शेव काय जेवण आहे का, भिया?" मी तडकलो. माळव्यात शेव म्हणजे मिठासारखी, ती कोण मोजतं?

त्याचं खरं होतं, हे त्याला मी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहेवाल्याचा हात सवयीनं शेवेच्या डब्याकडे गेला, तेव्हा मी माझ्या प्लेटीवर तळहात धरला.