आधीची चिमूट बसू दे

मुकुंद सरांसमोर कुणी घाई केली, की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "अगं, आधीची चिमूट बसू दे!" अंबडच्या औषध कारखान्यातल्या लॅबमध्ये मी तेव्हा नवीन होते. औषधात घालायची मातीची पूड पाण्यात किती फुगते, ते बघायचं होतं. काचेच्या उंच नळीत पाणी घ्यायचं आणि वरून चिमूटभर पूड सोडायची. ती तळाशी गेली, की दुसरी. मला कुठला धीर! मी भसकन सगळी ओतली. वर गोळा तरंगत राहिला.

"झालं गुठळ्यांचं पिठलं," सर म्हणाले. "आता धू आणि परत लाव."

त्यांचं सगळंच असं संथ. कुणी तावातावाने बोललं, तर हे उत्तर देणार दुसऱ्या दिवशी, तेही हसून. आयुष्यात एकदाच भडकले, आणि तेही सख्ख्या भावावर. येवल्याच्या दादांनी वडिलांचा पैठणीचा माग न विचारता विकला, तेव्हा हे चारचौघांत बोलून गेले, "उद्या बाबांचा फोटोही विकशील!" तिथून बोलणं बंद झालं.

"माझं चुकलंच गं," ते मला कितीदा तरी म्हणाले.

"मग जा की! येवला काय लंडन आहे? एसटीत बसा."

"जाईन. त्याचा राग बसू दे जरा खाली."

दिवाळीला कुणाच्या तरी हाती ते दादांकडे चिवड्याचा डबा धाडत. डबा कधी रिकामा आला नाही, दर वेळी बेसनाचे लाडू भरून यायचा. "अहो सर, बोलावतायत ते तुम्हाला!" मी म्हणायची. सर आम्हाला लाडू वाटत, खूश होत आणि पुढच्या दिवाळीपर्यंत गप्प. अस्सा राग यायचा मला!

यंदा दिवाळीच्या तोंडावर दादाच गेले. सर तेरावं उरकून कामावर आले.

"वहिनी सांगत होती," ते म्हणाले, "दर दिवाळीला पहाटे तो माझाही पाट मांडायला लावायचा. दुपारपर्यंत उचलू द्यायचा नाही."

निवृत्तीला त्यांचे थोडेच दिवस उरले होते. समोर पुडीची टेस्ट होती. सरांनी नळीत पाणी घेतलं आणि सगळी पूड एकदम ओतली. त्यांनी! गोळा वर तरंगत राहिला. मी नळी धुऊन आणली.

"हे एक बरं असतं," सर म्हणाले. "हे परत लावता येतं."