शिवेवरची भेट

माझा स्वभाव डूख धरणारा आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही. ज्याच्यावर तो धरला तो माझा चुलत सासरा, आमच्या गावचा सरपंच. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची, मनात कधीच केलं नाही, आणि इथंही करणार नाही. बेडशाच्या डोंगराखालचं आमचं गाव तेव्हा पन्नासेक उंबऱ्यांचं. गावात रेडिओ एकच, तोही त्याच्या ओट्यावर. आमची भिंत त्याच्या भिंतीला लागून होती.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात रेडिओवर रोज तीच बातमी असायची. पूर्व बंगालातून माणसं लोंढ्यानं सरहद्द ओलांडून येत होती. त्यावरून ओट्यावर रोज जुंपायची. सरपंच म्हणायचा, "सरहद बंद करा, म्हंतो मी. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. हितं आपल्याच पोरास्नी रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाया लागत्यात." शाळेचे मास्तर तावातावानं उत्तर द्यायचे, "जीव घेऊन आलेल्याला दारातून हाकलायची आपली रीत नाही, सरपंच. जागा मनात असावी लागते."

मी मास्तरांच्या बाजूची होते. सुनेचं मत विचारतो कोण? पण मास्तरांच्या तांब्यात रोजचं ताक मीच ओतायची, आणि त्या दिवसांत जरा घट्टच ओतायची.

माझं माहेर पवनेच्या खोऱ्यातलं. धरणाचं पाणी चढणार म्हणून त्याच पावसाळ्याच्या तोंडाला तिथली घरं मोकळी करायला सांगितलं. बदली जमिनीचा कागद वडगावच्या कचेरीतून यायचा होता, तो आला नव्हता. बाप, आई, भाऊ, दोन बैल आणि एक गाभण गाय एवढा संसार आमच्या शिवेवरच्या उंबराखाली येऊन थांबला. लेकीच्या दारी बाप पाणीसुद्धा अवघडून पितो, मुक्काम तर दूरच. त्यानं घर मागितलंच नाही. गायरानाच्या कडेला एक खोप टाकायला जागा मागितली, तीही चार महिन्यांपुरती.

सरपंचानं सभा बोलावली. बाप हात जोडून उभा होता.

"कागुद हाय का?" सरपंचानं विचारलं.

"येनार हाय म्हंत्यात."

"येनार ना? मग आला की या. आज एकाला बसू दिलं तर उद्या समदं खोरं हितं येतंय. आमच्या गुरांनी काय खायाचं?"

मग हात वर करायला सांगितले. माझा नवरा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. आणि मास्तरांनी हात वर केला, सरपंचाच्या बाजूनं. नंतर दारात येऊन मला म्हणाले, "वहिनी, तो प्रश्न वेगळा आणि हा वेगळा." दुसऱ्या दिवशी त्यांचा तांब्या आला तसा रिकामा परत गेला, आणि त्यांची बदली होईपर्यंत रिकामाच जात राहिला. कोरडी भाकरी घशात अडकली की त्यांना दोन्ही प्रश्न आठवत असतील, अशी माझी आशा आहे.

दोन दिवस माझी माणसं पावसात त्या उंबराखाली बसली. मी फडक्यात बांधून भाकरी नेत होते. तिसऱ्या दिवशी ती उठून गेली. मळवलीच्या पलीकडच्या एका गावात एका शेतकऱ्यानं कागद न विचारता गोठ्याची अर्धी बाजू दिली. पण आईच्या अंगात ताप शिवेवरच भरला होता. ती श्रावणात गेली. भावकीतली चार माणसं माझ्या बापाला भेटून आली. सरपंच गेला नाही. तेरावं करून मी परतले तेव्हा त्यानं मला एवढंच विचारलं, "तिकडं लावणी झाली का?"

तेव्हा ठरवलं, याला शिवेवर उभा करायचा.

तीन वर्षं लागली. त्या शेतकऱ्याची मुलगी लग्नाची झाली, सरपंचाचा थोरलाही झाला. स्थळ मीच सुचवलं. मुलगी गुणी होती, मुलगा बापासारखा नव्हता. त्या दोघांचं मी वाईट केलं नाही. माझा बाप त्या बाजूला कुठंतरी राहतो हे सरपंचाला ठाऊक होतं. कुठं, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं, भेटून आलेल्यांनीही आपणहून सांगितलं नव्हतं, आणि बोलणी झाली त्या दिवशी बाप रानात होता.

आमच्याकडे वऱ्हाड सरळ गावात शिरत नाही. शिवेवर थांबतं. मुलीकडचं मानाचं माणूस पुढं येऊन मुलाच्या बापाला उराउरी भेटतं, तेव्हाच पाऊल आत पडतं. मी शेतकऱ्याकडे एकच मागणं मागितलं, ही भेट माझ्या बापाला करू द्या. तो माझ्या बापाला थोरला भाऊ मानायचा, लगेच हो म्हणाला. बापाला मी नीट पढवलं. "आबा, तो मिठी माराया आला की हात मागं घ्यायचं अन् इचारायचं, कागुद हाय का? वाजंत्र्यांच्या म्होरं इचारायचं." बाप म्हणाला, "बरं."

वैशाखातलं ऊन, वाजंत्री, बैलगाड्या. सरपंच तुऱ्याचा फेटा बांधून पुढं झाला. समोर माझा बाप बघून म्हणाला, "तुमी बी आलाय व्हय? वाईच बाजूला व्हा, मानाचं मानूस येऊ द्या."

"हेच आमचं मानाचं मानूस," शेतकरी म्हणाला.

सरपंचाचा चेहरा उतरला. तो मी पोटभर पाहिला. सगळं वऱ्हाड बघत होतं, भेटीशिवाय आत जाता येत नव्हतं. त्यानं हात पसरले. मी बायकांच्या घोळक्यातून पुढं सरकले, मला तो प्रश्न कानानं ऐकायचा होता.

बापानं विचारलंच नाही. त्यानं मिठी मारली आणि मिठीतच रडायला लागला. दुःखाला भेटायला आलेल्याच्या गळ्यात पडून माणूस रडतं तसा, आईचं नाव घेऊन. वाजंत्री थांबली. लग्नाच्या दारी रडणं म्हणजे अपशकुन, बायका पदर तोंडाला लावून कुजबुजायला लागल्या. सरपंच सुटू बघत होता, बाप सोडत नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी सरपंच हलक्या आवाजात म्हणाला, "मी भेटाया यायला पायजे हुतं."

"कुटं येनार हुता?" बाप म्हणाला. "आमाला जागा कुटं हुती?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. बापानं आपल्या फेट्याच्या शेवानं डोळे पुसले, सरपंचाच्या कपाळाला गुलाल लावला आणि वऱ्हाडाला वाट करून दिली. सगळे माझ्या अंगावरून आत गेले. मी मात्र दातओठ खात शिवेवरच उभी राहिले.