मंगलच्या कानाचा अर्ज

केवळबाईंना कोणी ‘उद्या या’ म्हटलं की त्या उद्या येत. सरकारी ऑफिसात ‘उद्या या’ म्हणजे ‘परत तोंड दाखवू नका’, हे तुम्हाआम्हाला सांगावं लागत नाही. केवळबाईंना मात्र ते कधी कळलं नाही. शिक्षणखात्याच्या ऑफिसातला कारकून मान वर न करता म्हणे, “बेन, काले आवजो.” दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी त्या व्हरांड्यात बसलेल्या असत. मांडीवर साड्यांचा गठ्ठा, हातात छोटी कात्री. कारखान्यातून आलेल्या साड्यांच्या पाठीमागचे लोंबते धागे कापायचं काम त्या घरी करत, तेच आता तिथे बसून करत. कारकून आला की उठून म्हणत, “साहेब, आप बोले थे. मैं आयी.” त्या गेल्यावर फरशीवर रंगीत धाग्यांचा चुरा उरे आणि झाडताना शिपाई त्यांना शिव्या घाली.

हे मला त्या शिपायानेच हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

बमरोलीतल्या सरकारी मराठी शाळेत मी तेव्हा नवी होते. नवऱ्याची बँकेतून सुरतला बदली झाली, म्हणून नाशिक सोडून आले होते. शाळेतली जवळजवळ सगळी मुलं खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. घरी अहिराणी, रस्त्यावर गुजराती, आमच्याकडे येऊन पुस्तकी मराठी. त्यांच्या आयांचं बोलणं निम्मं मला कळत नसे आणि कळून घ्यावं असं वाटतही नसे. आज लिहायचंच आहे तर खरं लिहिते. त्या बायकांचा मला कंटाळा होता.

केवळबाई पहिल्यांदा दिसल्या त्या जूनमध्ये, मुलीला पहिलीत घालायला आल्या तेव्हा. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू. सोबत मंगल, तेल लावून दोन वेण्या घातलेली. आमच्याकडे एक रीत होती. पोर शाळेत घालताना आई-बाप नारळ आणि पेढे आणत, गुरुजींच्या पाया पडत आणि चारचौघांत म्हणत, “मारीसनी शिकाडा.” मारा, पण शिकवा. केवळबाईंनीही तसंच म्हटलं. देसले सर खुर्चीत बसून पेढा खात होते. ते स्वतः खानदेशातले. आयांशी अहिराणीत बोलत, म्हणून सगळ्यांना ते घरचे वाटत. मलाही ते मनमिळाऊच वाटले होते.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी मंगल तिसरीत गेली. देसले सरांच्या वर्गात. त्यांच्या आणि माझ्या वर्गामध्ये भिंत नव्हती, दोन कपाटं उभी केली होती आणि त्यांच्यामध्ये हातभर फट होती. एके दुपारी मंगलने पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं. सर नाही म्हणाले. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. एवढाच तिचा गुन्हा. सरांनी तिची एक वेणी धरून मान वाकडी केली आणि त्याच बाजूच्या कानावर मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घाई नव्हती, मधे थांबून त्यांनी मनगटावरचं घड्याळ वर सरकवलं. मंगलचं तोंड फटीकडे होतं. ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, नुसती बघत होती.

मी फळ्याकडे वळले आणि सातचा पाढा लिहायला घेतला.

दोन दिवसांनी कानातून पू आला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, या कानाने आता ऐकू येणं कठीण. केवळबाई शाळेत आल्या. हेडसर म्हणाले, पायऱ्यांवरून पडली असेल, मुलं मस्ती करतात. तेव्हा त्या जे म्हणाल्या ते पुढे त्या दारोदार म्हणत राहिल्या, एक शब्द इकडचा तिकडे न करता. “मन्ही पोर कोठे पडनी नही. तिले मास्तरनी मारं. शाळानी हाई लिखी देवाले पाहिजे. आनि त्या मास्तरना हातमा परत पोरे देऊ नका.” त्यांना भरपाई नको होती. देसल्यांना चार लोकांत बडवावं असंही त्या कधी बोलल्या नाहीत. शाळेत घडलं ते शाळेने लिहून द्यावं, आणि त्या माणसापुढे दुसरं पोर बसवू नये. इतकंच.

अर्ज लिहून द्या म्हणून त्या आधी माझ्याकडेच आल्या होत्या. शाळेच्या माणसाला असा अर्ज लिहिता येत नाही, असं मी त्यांना सांगितलं. असा काही नियम असेल तर तो मला आजही माहीत नाही. त्यांनी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून गुजरातीत लिहून घेतला, अंगठा दिला, आणि मग ते ‘काले आवजो’ सुरू झालं. सात-आठ महिने त्या जात राहिल्या. शेवटी कंटाळून ऑफिसने चौकशी लावली.

चौकशीची तारीख दिली ती नेमकी अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. अखाजीला खानदेशातली लेक माहेरी जाते, सुरतेतल्या गल्ल्याच्या गल्ल्या रिकाम्या होतात. दोन-तीन आया केवळबाईंबरोबर बोलायला तयार होत्या, त्यांच्या पोरांनीही मार खाल्ला होता. त्या गावी निघून गेल्या. हेडसरांनीच ही तारीख सुचवली होती आणि आम्हाला स्टाफरूममध्ये चहा पिताना सांगितलीही होती. केवळबाई एकट्या थांबल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा अखाजीला माहेरी गेल्या नाहीत.

चौकशीला आलेले साहेब गुजराती. हेडसर मधे बसून भाषांतर करत होते. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पोरीला शाळेत घातलं तेव्हा तुम्ही सरांना काय सांगितलं होतं?”

दुसरी कोणी असती तर आठवत नाही म्हणाली असती. केवळबाई म्हणाल्या, “मारीसनी शिकाडा, आसं सांगं व्हतं.”

“म्हणजे मारायला तुम्हीच सांगितलं.”

“हा. सांगं व्हतं.” आणि लगेच पुढे, “कान फोडा आसं नही सांगं.”

हे दुसरं वाक्य हेडसरांनी भाषांतरात घेतलं नाही. मी तिथेच बसले होते. तोवर मला गुजराती पुरेसं येत होतं.

मग माझी पाळी आली. आदल्या दिवशी हेडसरांनी मला बोलावून चहा पाजला होता आणि माझी नोकरी कायम होण्याचे कागद वर जायचे आहेत, एवढीच आठवण करून दिली होती. धमकी नव्हती, आवाज अगदी घरच्यासारखा. साहेबांनी विचारलं, तुम्ही काही पाहिलं? मी म्हणाले, “मी फळ्यावर लिहीत होते.” शब्दशः ते खोटंही नव्हतं. त्या हुशारीचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला.

संध्याकाळी केवळबाई माझ्या घरी आल्या. मला वाटलं, आता तमाशा होणार. त्यांनी पिशवीतून बिबड्यांची चळत काढली, ज्वारीच्या पापडांची. सुट्टीत माझ्या पोरीपायी तुम्हाला यावं लागलं, म्हणाल्या. मी काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, “तुम्ही नही देखं, नही सांगं. देखं ऱ्हातं ते तुम्ही सांगंच ऱ्हातं.” पाहिलं असतं तर मी सांगितलंच असतं, असा त्यांचा माझ्यावर पुरता विश्वास होता. बिबड्या चांगल्या होत्या. आम्ही आठवडाभर तळून खाल्ल्या.

जूनमध्ये निकाल आला. पालकाच्या संमतीने सौम्य शिक्षा केली, इजा त्यामुळेच झाली याला पुरावा नाही, शिक्षकाला समज दिली आणि सुरतेतल्याच कतारगामच्या शाळेत बदली केली. त्याच टपालात माझी कायम झाल्याची ऑर्डर होती. मी केवळबाईंना निकाल वाचून दाखवला. कतारगामचं नाव ऐकून त्यांनी विचारलं, “तठे काय पोरे नही शेतस?”

तिथेही पोरं होतीच. म्हणून त्या कतारगामला गेल्या आणि फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्या आयांना सांगू लागल्या. चौथ्या दिवशी पोलिसांनी त्यांना चौकीत नेऊन दिवसभर बसवून ठेवलं. मुलीला त्यांनी घरीच ठेवलं होतं, त्या गैरहजेरीवरून आमच्या शाळेने मंगलचं नाव कमी केलं. पुढे प्लेगची अफवा उठली, गाड्या भरभरून माणसं पळाली, त्यात त्याही गावी गेल्या. त्या अर्जाचा कागद आमच्या कपाटात होता, तो एका सफाईत रद्दीत गेला.

पाच-सहा वर्षांनी सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात त्या अचानक भेटल्या. परत आल्या होत्या, साड्यांच्या मार्केटातल्या एका दुकानाचं काम करत होत्या. सोबत मंगल, आता आईइतकी उंच. केवळबाईंनी भर रस्त्यात वाकून मला नमस्कार केला आणि मुलीला म्हणाल्या, “पाया पड. या बाई चांगल्या. त्यास्नी नही देखं, नही ते...”

मंगल वाकली नाही. चांगला कान माझ्याकडे करून उभी होती. ती आईला म्हणाली, “माय, बाई देखी राह्यन्या व्हत्या. मन्हाकडेच देखी राह्यन्या व्हत्या.”

केवळबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या थांबल्या, ऑफिसच्या व्हरांड्यात थांबत असतील तशाच. मी जे सांगेन ते त्या मानणार होत्या. माझी नोकरी कायम होती, हेडसर निवृत्त झाले होते, मला कसलीच भीती उरली नव्हती.

“लहान होती तेव्हा,” मी म्हणाले. “तिला नीट आठवत नसेल.”

केवळबाईंनी मंगलच्या पाठीत जोरात धपाटा घातला. “बाईस्ले खोटं पाडस?” आणि दुसरा घातला.

“मारू नका हो तिला,” मी म्हणाले, आणि समोर थांबलेल्या रिक्षात बसले.