नाकवाले आप्पा आणि बिनवासाचा गॅस

नाकवाले आप्पा माणसाला आधी हुंगत आणि मग नाव विचारत. सांगलीजवळच्या त्यांच्या अंगणात मी पहिल्यांदा पाय ठेवला, तेव्हा त्यांनी मान वर करून लांब श्वास ओढला. "सकाळी मिसळ खाल्लीस. तर्री दोनदा घेतलीस. बस पोरी. कोण तू?"

मी हायड्रोजनच्या पाइपलाइनवरची इंजिनियर. फलटणकडून सांगलीच्या कारखान्यांपर्यंत जमिनीखालून नळ जायचा होता आणि मधे आप्पांचा ऊस होता. गाव आप्पांच्या नाकावर चालायचं. दूध नासलंय का, खतात भेसळ आहे का, मुलगी बघायला आलेला पाहुणा पितो का, सगळं तेच ठरवत. त्यांनी होकार दिल्याशिवाय शेजारचा एकही शेतकरी संमती देणार नव्हता.

"तुज्या गॅसला वास कसला?"

"वास नसतो, आप्पा. रंगही नसतो."

"चव?"

"तीही नाही."

"मग त्यो हाय, हे तुला कुणी सांगितलं?"

अखेर पुण्याहून आमचे मोठे साहेब आले. आप्पा सूर्यास्ताआधी जेवणारे, म्हणून सभा संध्याकाळऐवजी भर दुपारी ठेवली. साहेबांनी गळती ओळखणारं यंत्र दाखवलं. आप्पांनी ते उलटंपालटं करून हुंगलं. "ह्येला सर्दी झाली तर?"

साहेब रुमालानं यंत्र पुसू लागले. मग आप्पांनीच तोड काढली, गॅसमध्ये गुळाचा वास घाला. त्यानं गॅसची शुद्धता बिघडते असं साहेबांनी म्हटल्यावर आप्पा ताडकन उठले. "गुळानं बिघडनारी वस्तू मी जन्मात पाह्यली न्हाई!" त्यांच्यामागून सगळी सभा उठली. कंपनीत नळाचा मार्ग बदलायची आणि मला परत बोलवायची भाषा सुरू झाली.

त्याच हिवाळ्यात आप्पांना ताप आला. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एका बारशाला त्यांच्यापुढे नासलेली बासुंदी आली, तर म्हणाले, "वा, काय वेलदोडा हाय!" आप्पांच्या शब्दाखातर अख्खी पंगत ती बासुंदी मुकाट प्याली. दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक संडासापुढे रांग होती.

मी भेटायला गेले, तर आप्पा भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"पोरी, मला समदंच हायड्रोजन झालंय गं."

मला हसू आवरेना. मग तेही हसले. म्हणाले, "वास न्हाई, तरी बायकोनं वाढल्यालं खातोयच की. तिच्यावर इश्वास हाय म्हणून." मग भिंतीकडून माझ्याकडे वळले. "तुजं ते यंत्र रोज तपासशील?"

"रोज. मी नसले तर दुसरं कुणीतरी. पण रोज."

"दे हिकडं संमतीचा कागद. आन त्येला थंडीत मफलर गुंडाळ."

त्यांची सही झाल्यावर आठवड्याभरात शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या. नळ गाडला गेला, वर पुन्हा ऊस उभा राहिला आणि माझी बदली झाली.

निघताना आप्पांकडे गेले. गुऱ्हाळ चालू होतं. त्यांनी गरम गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "हुंग. सांग कसा झालाय."

"छान."

"छान काय? नीट सांग की."

मी डोळे मिटले. "आधी जरा करपट. मग ओल्या चिपाडाचा धूर..."

आप्पांनीही डोळे मिटले होते. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"वाजू दे त्येला," आप्पा म्हणाले. "धुरापतूर आलीस. फुडं?"