माणिकबाईंची मेथी

माझ्या सासूबाई, माणिकबाई, तीस वर्षं भातकुलीच्या बाजारात पालेभाजी विकतात. आमचा मळा छोटा, पण त्यांचा तोरा मोठा. गिऱ्हाइकानं जुडी उलटून पाहिली की म्हणतात, "बाई, भाजी हाय, सोनं नाई. घ्याची तं घे." उरलेली भाजी फेकायची नाही, हा त्यांचा कायदा. विकलं नाही ते घरी शिजायचं. लग्न होऊन आले तेव्हा महिनाभर पालकच खाल्ला आणि ज्यांनी हे स्थळ आणलं त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची झडप बदलावी लागली. अमरावतीच्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या नवऱ्याला, शेखरला, बाजूला घेतलं. "नुसती झडप असती तर मी निवांत असतो. यांना पंधरा वर्षांची शुगर आहे, किडनीही थकली आहे. ऑपरेशन होईल, पण नंतरचं सांभाळणं तुमच्या हातात."

ऑपरेशन झालं. छातीची जखम मात्र शुगरमुळे अडीच महिने भरेना. रोज ड्रेसिंग मी करायचे. दुखायचं त्यांना आणि धीर त्या मला द्यायच्या.

नवी झडप टिकटिक वाजायची. दुपारी आईंच्या केसांना तेल लावताना ती ऐकायची मला सवयच लागली. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभर घ्यायची होती, दर महिन्याला रक्त तपासायचं होतं. नर्सनं बजावलं होतं, पालेभाजी रोज सारखीच खा. एकदम वाढवली की गोळीचा जोर उतरतो, रक्त घट्ट होतं.

हिवाळ्यात बाजारभर मेथीच मेथी झाली, आमच्या मेथीला कोणी विचारेना. रोज दहा-बारा जुड्या परत यायच्या, आणि कायदा तो कायदाच. आई दोन्ही वेळा मेथीच खाऊ लागल्या. त्यात मेथीनं शुगरही उतरली. शुगर मोजायचं मशीन माझ्यापुढे नाचवत म्हणाल्या, "पाह्य, डाक्टरच्या गोळ्याईपेक्षा माही मेथी भारी!" नर्सचं बोलणं मला आठवत होतं. पण इतक्या महिन्यांनी त्या हसल्या होत्या, ते हसू माझ्याच्यानं मोडवलं नाही. बाजाराच्या धांदलीत रक्ताची तपासणीही राहिली.

संक्रांतीच्या आठवड्यात तेल लावताना टिकटिक ऐकूच येईना. पाठीला कान लावला. गोधडीखाली घड्याळ ठेवावं तसा दबका आवाज.

"आई, दम लागून राह्यला काय?"

"थोडासा. सकाळी तीळ कुटले ना."

मी तेलाची वाटी तशीच टाकली आणि शेखरला फोन लावला.

झडपेवर रक्ताची गाठ धरली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या किडनीला दुसरं ऑपरेशन झेपणार नाही. औषधानं गाठ विरघळली तरच वाचतील. तीन दिवस मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. शेखर डबा आणायचा, मी उघडायचेही नाही. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, झडप नीट उघडतेय.

मी आत गेले आणि त्यांचा हात धरून रडले. "आई, माह्यामुळं झालं. नर्सनं सांगतलं होतं मले. मी बोलली नाई."

त्यांनी दुसऱ्या हातानं माझे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मलेई सांगतलं होतं तिनं. मालूम होतं पोरी. पन आपल्या हातानं लावलेलं फेकवते काय?"

एवढा राग मला त्यांचा कधीच आला नव्हता. आणि इतकी मायाही.

मार्चमध्ये त्या पुन्हा बाजारात बसल्या. उठायच्या वेळी पाच जुड्या उरल्या. मी टोपली आवरू लागले. त्यांनी जुड्या पदरात घेतल्या, बाजाराच्या फाटकाजवळच्या गाईपुढे एकेक करून ठेवल्या, शेवटची जरा वेळ हातातच धरली. मग तीही सोडली.

"चाल," हात झटकत म्हणाल्या, "अजून दहा-पाच वर्ष तुले सतवाचं हाय मले."