गुण आला की घोंगडी

लग्न होऊन भुकूमला आले तेव्हा माणूस दिवसातून किती शिंकू शकतो, याची मला कल्पना नव्हती. सासरी पंधरा-वीस मेंढरं, चार शेळ्या. त्यांच्यामधून वाट काढत मी लवळ्याला निघायचे, तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात. टेबलाशी पोचेपर्यंत डोळे लाल, नाक चोंदलेलं. लोकांना वाटायचं, हिला सासरी छळतात.

छळ कसला! सगळा घोटाळा प्रेमानेच केला. सासऱ्यांकडे, म्हणजे मी ज्यांना मामा म्हणते त्यांच्याकडे, माणसाचा मान म्हणजे घोंगडी. पाहुणा आला, कुणी दुखण्यातून उठलं, की घरच्या लोकरीची घोंगडी अंथरायची. माझी पहिली गोळी लागू पडली तेव्हा मामांनी माळ्यावरून काळी घोंगडी काढून माझ्या अंथरुणावर घातली. "बरी झालीस. आता हिच्यावर नीज." मीही कौतुकाने निजले. आठवड्यात शिंका परत, गोळी बाद, घोंगडी परत माळ्यावर. दुसऱ्या गोळीने गुण आला, पुन्हा मान, पुन्हा शिंका. मग नाकात मारायचा फवारा आला. बरं वाटलं की मी तो सोडून द्यायचे, कारण बऱ्या माणसाला औषध कशाला? शेवटी घरात ठरूनच गेलं की हिला कुठलंच औषध टिकत नाही.

आणि एका रविवारी दारात व्यापारी उभा. मामांनी जनावरं विकायला काढली होती, माझ्यासाठी. व्यापारी मेंढरांचे दात बघत होता आणि मामा खांबाला टेकून भलतीकडेच बघत होते. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"मामा, मला एक महिना द्या."

"तुझ्या जिवापुढं मेंढरं लई हायेत का?"

"महिनाच मागतेय."

व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं.

पौडच्या डॉक्टरीणबाईंनी माझा रिकाम्या पाकिटांचा ढीग बाजूला सारला आणि विचारलं, "बरं वाटलं की काय करता?" मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बरं वाटलं की फवारा बंद आणि घोंगडी चालू. औषध टिकेल कसं?" त्यांनी तोच जुना फवारा दिला. रोज सकाळी मारायचा, बरं वाटलं तरी. अंथरूण सुती.

मामांना हे सांगणं जिवावर आलं होतं. तरी सांगितलं.

"म्हंजी मीच तुला आजारी पाडत हुतो व्हय?"

"दोघांनी मिळून, मामा."

महिना गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली, पुढची दिवाळीही गेली. फवारा तोच आणि नाक मोकळं! गेल्या महिन्यात शेळी व्यायली, तेव्हा ओलं करडू मीच फडक्याने पुसलं आणि छातीशी धरलं. मामा माझ्या नाकाकडे टक लावून बघत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. शिंक नाही. मी जिंकले होते, चक्क जिंकले होते.

मामा उठून माळ्याकडे निघाले.

"मामा!" मी ओरडले.

ते घोंगडी घेऊन आलेच. माझ्यापासून लांब, ओट्याच्या पार टोकाला त्यांनी ती अंथरली आणि स्वतःच तिच्यावर मांडी घालून बसले.

"आज मान माजा," म्हणाले. "माजी जनावरं वाचली."